मेट्रनबाईंची ठिपकेवाली

मेट्रनबाई कधीच मेट्रन नव्हत्या, हे आधी सांगून टाकतो, कारण त्यांनी स्वतः ते कधी कुणाला सांगितलं नाही. साथीच्या रोगांच्या इस्पितळात त्या छत्तीस वर्षं सिस्टर होत्या आणि निवृत्त झाल्या त्या दिवशीही सिस्टरच होत्या. त्यांना मेट्रन केलं ते आमच्या गल्लीनं. बढती मिळाली की माणसं निदान दोन दिवस नको-नको म्हणतात. बाईंनी तेवढेही आढेवेढे घेतले नाहीत.

त्यांच्या फाटकाशी एक नळ होता. नळाशेजारी भोकं पाडलेल्या डबीत साबणाची वडी आणि खिळ्याला पांढरा पंचा. घरात कुणीही येवो, पोस्टमन, मीटर बघणारा, सख्खी बहीण, बाईंच्या तोंडून "या" निघायच्या आधी निघायचं, "आधी हात धुवा." माझे साडू एकदा त्यांच्याकडे कुणाचा तरी पत्ता विचारायला गेले होते. ते हात स्वच्छ धुऊन परत आले, पत्ता विचारायचा राहूनच गेला.

निवृत्तीनंतर बाईंना माणसं मिळेनात, म्हणून त्यांनी लिली लावल्या. असं मी म्हणायचो आणि ते त्यांच्या कानावर जाईल अशा बेतानं म्हणायचो. भिंतीलगत लांब वाफा आणि पायऱ्यांवर कुंड्या. प्रत्येक झाडाशी पत्र्याची पट्टी, पट्टीवर नंबर. सकाळी हात पाठीमागे बांधून त्या झाडांमधून फिरायच्या त्याला 'राउंड' म्हणायचं. "चार नंबरनं रात्रीत दोन बोटं उंची घेतली," हे त्या अशा सुरात सांगत, की चार नंबर परवा घरी जाणार असं वाटावं. पान उलटं करून खाली मावा बसलाय का बघायचं, म्हणजे ते पानांचा रस शोषणारे हिरवे बारके किडे, आणि दिसला की साबणाच्या पाण्यात बुडवलेल्या कापसानं पुसायचा. कात्रीनं वाळकी पानं काढायची. हे रोज. थंडी असो, गुडघा दुखत असो.

वाफ्यात पांढऱ्या होत्या, गुलाबी होत्या, पण राणी होती कोपऱ्यातली ठिपकेवाली. खांद्याइतकी उंच, केशरी, पाकळ्या पार मागे वळलेल्या, आणि त्यांवर कुणी शाईचं पेन झटकल्यासारखे काळे ठिपके. गारपिटीत बाकीची झाडं झोपली, ही उभी. पाणी द्यायचं राहिलं, उभी. "अकरा वर्षं झाली, हिला शिंक आली नाही," बाई म्हणायच्या. तिच्या पानांच्या बेचक्यात मिऱ्यांएवढे काळे मणी धरायचे. ते मातीत पडले की रुजतात. बाई ते मणी गोळ्यांच्या रिकाम्या बाटल्यांत भरायच्या, बाटलीवर चिठ्ठी लावायच्या आणि घरोघर द्यायच्या. आमच्या गल्लीत एकोणीस घरं. सतरा घरांत ठिपकेवाली होती. नव्हती त्यातलं एक घर भाड्यानं दिलेलं आणि दुसरं बाईंच्या भिंतीपलीकडचं, घड्याळजींचं.

घड्याळजींच्या बायकोला आम्ही सगळे वहिनी म्हणायचो. ती म्हणाली होती, "मला माझी पांढरीच पुरे." घराच्या पुढच्या भागातल्या दुकानाच्या खिडकीखाली तिनं सतरा पांढऱ्या लिली लावल्या होत्या. कंद आणून नव्हे, बी पेरून. बी पेरल्यापासून पहिलं फूल यायला चार वर्षं लागली. "त्यापेक्षा बाळंतपण बरं," ती म्हणायची, "नऊ महिन्यांत निकाल तरी लागतो." घड्याळजी आत डोळ्याला भिंग लावून बसलेले असायचे. ते हसायचे, पण भिंगाचा डोळा न हलवता.

मग वहिनी आजारी पडली. ते शेवटचं आजारपण होतं. बाई रोज तिकडे जायच्या. पाठ पुसणं, कूस बदलणं, औषध, चादर, सगळं त्यांनी केलं. गल्लीत दुसऱ्या कुणी एवढं केलं नाही, मी तर नाहीच. आणि दिवसाआड सकाळचा राउंड संपला की तशाच कात्री घेऊन भिंतीपलीकडे जाऊन वहिनीच्याच झाडाचं एक पांढरं फूल कापून तिच्या उशाशी ठेवायच्या. कात्री म्हटली ती लक्षात ठेवा. मला तेव्हा ती दिसलीसुद्धा नव्हती.

आता आचाऱ्याची गोष्ट. ती सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही आणि ती गल्लीतल्या कुणालाही विचारा, पाठ आहे, कारण बाईंनी ती आम्हाला शंभर वेळा ऐकवली होती. त्यांच्या वॉर्डात एकदा ताप हटेना. बरे होऊन निघालेले रोगी पुन्हा तापायचे. गाद्या बदलल्या, पाणी उकळलं, एका झाडूवालीवर संशय आला म्हणून तिला काढून टाकलं. ताप तसाच. शेवटी बाई हट्टाला पेटल्या आणि त्यांनी भटारखान्यातल्या आचाऱ्याला तपासायला लावलं. गुटगुटीत, गाल लालबुंद, जन्मात पडसं माहीत नसलेला माणूस. आणि रोग त्याच्याच अंगात. त्याला स्वतःला काही होत नव्हतं, तो नुसता वाटत होता. इथे बाई थांबायच्या, सगळ्यांकडे बघायच्या आणि म्हणायच्या, "जो कधी आजारी पडत नाही, त्याला आधी तपासा." आम्ही माना डोलवायचो. माझा चहा तोवर गार झालेला असायचा.

वहिनी गेली त्याच्या पुढच्या वर्षी, थंडी सरल्यावर, तिच्या पांढऱ्या लिली वर आल्या त्याच वाकड्या. पानांवर पिवळ्या-हिरव्या चट्ट्यांची रांगोळी, कडा मुडपलेल्या. कळ्या एका अंगानं फुगलेल्या, दाढ काढून आलेल्या माणसाच्या गालासारख्या. घड्याळजींना कळेना. त्यांनी पाणी जास्त घातलं. मग कमी घातलं.

संध्याकाळी आमच्या पायरीपाशी चार खुर्च्या पडायच्या आणि गल्लीचं न्यायालय भरायचं. तिथे बाई काचेच्या झाकणात एक पान ठेवून घेऊन आल्या.

"व्हायरस आहे," त्या म्हणाल्या. "हात लावू नका कुणी."

घड्याळजींनी विचारलं, "औषध?"

"माणसाचा ताप उतरतो. झाडाचा हा ताप उतरत नाही. कंदातच शिरतो तो. काढायचं आणि जाळायचं, मुळासकट. नाहीतर गल्लीतली एक लिली राहायची नाही."

"एखादं कुंडीत ठेवलं तर? आत, खिडकीत. बाहेर आणणार नाही."

"एका पेशंटसाठी सगळा वॉर्ड घालवायचा का? मी सांगते म्हणजे विचार करूनच सांगते ना?"

घड्याळजी उठून गेले. त्यांना वेळ हवा होता, आणि घड्याळजीला वेळ न देणारी गल्ली आमचीच. जो तो आपल्या ठिपकेवालीला जपू लागला. आणि इथे मी तोंड उघडलं. "घड्याळजींना वेळ विचारा," मी म्हणालो, "पण लांबून. लागण व्हायची." सगळे हसले. मीही हसलो. विनोद बरा जमला की मला स्वतःलाच तो दोन-तीनदा सांगावासा वाटतो. ते वाक्य तीन आठवडे गल्लीत फिरलं. इस्त्रीवाला त्यांचे कपडे फाटकावर अडकवून जाऊ लागला. समोरच्या मास्तरांच्या सूनबाई त्यांच्या भिंतीकडेनं जाताना पदर आवरून घेऊ लागल्या. दुकानात टेकायला येणारी माणसं येईनाशी झाली. मी जायचो, वर्तमानपत्र त्यांच्याकडेच वाचायचो, म्हणून मला वाटायचं की आपण काही वाईट वागलो नाही.

तीन आठवड्यांनी घड्याळजींनी झाडं काढली. बाई छातीवर टाचलेलं इस्पितळातलं घड्याळ लावून उभ्या होत्या. सतरा कंद, पाकळ्या सुटलेल्या लसणासारखे, वर्तमानपत्रावर ओळीनं ठेवले गेले. बाईंनी मोजले. मग त्यांची नजर खिडकीतून आत गेली. कामाच्या टेबलावर काचेच्या पेल्यात गेल्या हंगामातल्या वाळक्या काड्या होत्या, बोंडांसकट. वहिनीनं खोचून ठेवलेल्या.

"ते पण," बाई म्हणाल्या.

"ते वाळलेलं आहे हो."

"ते पण."

लोखंडी पिंपात सगळं पेटवलं. घड्याळजींनी खिशातून भिंग काढून डोळ्याला लावलं. एक डोळा भिंगामागे गेला, दुसरा त्यांनी सवयीनं मिटला. त्यामुळे त्यांचे डोळे कुणालाच दिसले नाहीत. बाईंनी घड्याळ बघून सांगितलं, "अजून दहा मिनिटं जळू द्या."

वर्ष गेलं. भिंतीपलीकडे नुसती माती होती आणि तिच्यावर एक खुर्ची. पुढचा हंगाम लवकर तापला, मावाही लवकर आला. एका सकाळी बाईंनी फाटकातून मला हाक मारली, "भावजी, जरा इकडे या."

मी हात धुऊन गेलो. चार नंबरच्या पानावर पिवळ्या-हिरव्या चट्ट्यांची रांगोळी होती. सहा नंबरचीही पानं मुडपलेली. नऊ नंबरची कळी एका अंगानं सुजलेली.

"घड्याळजींचं काहीतरी उरलंसुरलं असणार," मी म्हणालो.

"वर्षभर ते काय करत बसलं होतं मग?" बाई म्हणाल्या. त्या भिंतीपलीकडच्या मातीकडे बघत होत्या. "तिथे गवतही नाहीये, भावजी."

त्यांनी कंदवाल्याला बोलावलं. हा माणूस आयुष्यभर कंद विकत आणि पिकवत आलेला, हाडकुळा, बोलताना झाडाकडे बघणारा. आल्या आल्या बाईंनी सांगायच्या आधीच त्यानं नळावर हात धुतले. बाईंना तो तिथेच आवडला. त्यानं चार, सहा, नऊ बघितले, मान हलवली आणि विचारलं, "वाफ्यात सगळ्यात जुनी कोण?"

"ही." बाईंनी ठिपकेवाली दाखवली. "अकरा वर्षांची, आता तेरा झाली. हिला कधी—"

आणि त्या थांबल्या. कंदवाला आपला झाडाकडे बघून बोलत होता. "ही जात अशीच असते. रोग अंगात बाळगते, दाखवत नाही. पान हिरवंगार, फूल टपोरं. हिच्या अंगावरचा मावा उठून पांढरीवर बसला की पांढरी गेली. तुम्ही रोज पुसत होतात म्हणून तुमच्याकडे उशिरा आलं. शेजारीपाजारी असतील कुणाकडे तर त्यांची आधी गेली असतील."

मला आचाऱ्याचे गाल आठवले, लालबुंद. बाईंनाही तेच आठवत असणार, कारण त्यांचे ओठ हलत होते आणि मला त्या वाक्यातला शब्द न् शब्द पाठ होता.

"मण्यांतून?" त्यांनी विचारलं.

"मण्यांतून जातो. मणी म्हणजे बी नव्हे, तीच झाडं की. कंदातून जातो. कात्रीनंही जातो, एकीला कापून दुसरीला कापलं तर. बियांतून मात्र सहसा जात नाही. बी चोख असतं."

"बी चोख असतं," बाई म्हणाल्या. मग त्या पायरीवर बसल्या. कपड्यांना माती लागेल म्हणून जन्मात पायरीवर न बसलेल्या बाई बसल्या, पाच आणि सहा नंबरच्या मध्ये.

कंदवाला गेल्यावर त्या मला म्हणाल्या, "भावजी, हे कुठे बोलू नका. मीच सांगेन. मला थोडं—" त्यांना वेळ हवा होता. मी हो म्हणालो. माझ्या तोंडात तीळ भिजत नाही, हे गल्लीतलं शेंबडं पोरही सांगेल. पण ही गोष्ट मी बारा दिवस पोटात ठेवली. बाईंची अब्रू राखायला ठेवली असं म्हणायला मला आवडलं असतं. खरं कारण असं की चोर सोडून संन्याशाला फाशी दिली होती आणि दोर वळून देणारा मी होतो. लांबून वेळ विचारा म्हणणारा. बाईंचं बाहेर आलं असतं तर माझंही आलं असतं.

पहिले नऊ दिवस बाई बाहेर पडल्या नाहीत. राउंड बंद. नळाशी साबणाची वडी वाळून तडकली. आमची ही दोनदा जाऊन आली आणि म्हणाली, "त्यांनी मला हात धुवायला सांगितलं नाही. त्यांना बरं नाही वाटत."

दहाव्या दिवशी मी घड्याळजींकडे वर्तमानपत्र वाचत होतो. बाई दारात आल्या. हातात ते छातीवर टाचायचं घड्याळ.

"मागे पडतंय," त्या म्हणाल्या.

घड्याळजींनी ते उघडलं, भिंग लावलं, बराच वेळ बघितलं. "नाही पडत."

"पडतं. थोडं."

"ठेवून जा. उद्या सांगतो."

दुसऱ्या दिवशी ते म्हणाले, "दिवसभर लावून बघितलं. सेकंदाचा फरक नाही." बाई म्हणाल्या, "मग पुढे जात असेल." आणि घड्याळ घेऊन निघून गेल्या. मी वर्तमानपत्रात मान घातली. त्या दिवशी मी हवामानाची बातमी चार वेळा वाचली.

तिसऱ्या दिवशी बाई गजराचं घड्याळ घेऊन आल्या. मोठं, घंटेचं. घड्याळजींनी ते हातातसुद्धा घेतलं नाही.

"मेट्रनबाई," ते म्हणाले, "घड्याळांना काही झालेलं नाही. तुम्हाला काय झालंय ते सांगा."

बाई स्टुलावरून उठून उभ्या राहिल्या. डॉक्टर राउंडला आल्यावर उभं राहून रिपोर्ट द्यायचा असतो, तशा. आणि तशाच सुरात बोलल्या. "लागण माझ्या वाफ्यातून झाली. ठिपकेवालीतून. ती तिच्यात पहिल्यापासून होती. तुमच्याकडे मावा घेऊन गेला असेल, नाहीतर माझी कात्री. वहिनींसाठी फूल कापायला यायचे ती. राउंडवरून तशीच यायचे, मध्ये धुतली नाही. तुमची झाडं माझ्यामुळे आजारी पडली. तुमच्यामुळे कुणाचीच नाही. बोंडं जाळायची गरज नव्हती. बियांतून तो जात नाही. ते मला माहीत नव्हतं आणि माहीत असल्यासारखं मी बोलले."

दुकानात तीस-एक घड्याळं असतील. एकाचंही टिक दुसऱ्याशी जुळत नव्हतं. घड्याळजी एक बारकी पेचकस फडक्यानं पुसत राहिले. पुसून झाली तरी पुसत राहिले.

"कधी कळलं?"

"आज बारावा दिवस."

"आणि तुम्हाला?" हे मला.

"तेवढेच," मी वर्तमानपत्राआडून म्हणालो.

"म्हणजे तुमच्या तोंडात तीळ भिजतो. हवा तेव्हा भिजतो."

मी वर्तमानपत्र खाली ठेवलं.

मग घड्याळजींनी बाईंना विचारलं, अगदी हळू, खरंच जाणून घ्यायचं असल्यासारखं, "त्या तुमच्या गोष्टीत एक झाडूवाली आहे. तिला काढून टाकलं होतं. आचारी सापडल्यावर तिला परत घेतलं का?"

शंभर वेळा ऐकलेली गोष्ट. आमच्यापैकी कुणीही हे कधी विचारलं नव्हतं.

बाई म्हणाल्या, "माहीत नाही." मग म्हणाल्या, "मी विचारलं नाही कधी."

"बरं," घड्याळजी म्हणाले. "मला आता काम आहे."

बाई गजराचं घड्याळ तिथेच विसरल्या. परत न्यायलाही गेल्या नाहीत.

त्याच दिवशी दुपारी त्यांनी ठिपकेवाली काढली. खोदून कंद काढणं सोपं होतं. पण बारा-तेरा वर्षांत पडलेले मणी सगळ्या कोपऱ्यात रुजलेले होते. गुडघ्यावर बसून, इस्पितळातल्या चिमट्यानं, त्यांनी एकेक उचलला. मग पिशवी आणि कुदळ घेऊन त्या गल्लीत निघाल्या. पहिलंच घर आमचं. दारात उभं राहून त्यांनी तोच रिपोर्ट दिला, एक शब्द कमी नाही. आमची ही ऐकत होती. ऐकून झाल्यावर तिनं माझ्याकडे बोट केलं. "आणि हे? लांबून वेळ विचारा म्हणणारे हेच ना? हे पण जाऊ देत तुमच्याबरोबर. पिशवी धरायला."

असा मी निघालो. बाईंनी पहिलं वाक्य बोलायचं, मी दुसरं. माझं छोटं होतं, "लांबूनचा विनोद माझा होता, तो चूक होता." पण पंधरा दारांत बोलायचं म्हणजे काय ते बोलून बघा. इस्त्रीवाला ऐकून हसला. मास्तरांच्या सूनबाई म्हणाल्या, "आमची ठिपकेवाली तर छान आहे हो." बाई म्हणाल्या, "म्हणूनच." एक म्हातारे गृहस्थ कंद द्यायलाच तयार नव्हते. त्यांना सगळं पटलं होतं, पण त्यांच्या दारात फुललेली तेवढी एकच गोष्ट होती. बाई त्यांच्याबरोबर ओट्यावर बसून राहिल्या, ते स्वतः उठेपर्यंत. हात धुवायला त्या वाटेत कुणालाही म्हणाल्या नाहीत. प्रत्येक घरी कुदळ मात्र त्या स्पिरिटनं पुसायच्या. खोदायच्या आधी आणि निघतानाही.

पिंप बाईंच्या अंगणात पेटलं. या वेळी घड्याळ घेऊन कुणी उभं नव्हतं. घड्याळजी आले नाहीत. चार, सहा, नऊ आणि बाकीचे सगळे नंबरही त्याच आगीत गेले. वाफा रिकामा झाला. भिंतीच्या अलीकडे नुसती माती आणि पलीकडे नुसती माती.

दोन आठवडे घड्याळजी बाईंशी बोलले नाहीत. माझ्याशी बोलत होते, पण वेळेपुरतं.

मग एका सकाळी मी गेलो तर दुकानासमोर, फाटकाशी, एक नवीन स्टूल मांडलेलं. स्टुलावर पाण्याची बादली, तांब्या, साबणाची नवी वडी, कडेला पंचा. घड्याळजी टेबलावर एक चपटी डबी समोर ठेवून बसले होते. बारीक चाकं-स्प्रिंगा ठेवायच्या त्यांच्या डब्या असतात तसली, पत्र्याची, गोल. झाकणावर चिठ्ठी. अक्षर वहिनीचं.

"हे जाळायला दिलं नव्हतं मी," ते म्हणाले. "त्या दिवशी खिशात होतं. पिंप पेटलेलं होतं आणि माझा हात खिशात होता. वर्षभर ही डबी मी सगळ्यात खालच्या खणात ठेवली. गल्लीचा रोग घरात लपवून बसलोय, असं वाटायचं. कुणी दुकानात आलं की आधी खण बंद आहे ना बघायचो. ती असती तर काय म्हणाली असती, असं वाटायचं."

त्यांनी एक बी चिमट्यात धरून उजेडासमोर केलं. अभ्रकाच्या चकतीसारखं, पातळ. मध्ये एक बारीक रेघ होती, सेकंदकाट्यासारखी. रेघ असेल तर बी जिवंत, हे वहिनीनं त्यांना सांगितलं होतं.

"कंदवाल्याला विचारून आलो. म्हणतो, जुनं बी, दहात दोन आलं तरी नशीब. जाळीखाली लावा म्हणतो, मावा बसायला नको. चार वर्षं लागतील." ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "बोलवा त्यांना."

मी बोलावलं. बाई चालत आल्या, फाटकाशी पोचल्या आणि ते स्टूल बघून थांबल्या. घड्याळजी दारात उभे होते. हातात बाईंचं गजराचं घड्याळ.

"आधी हात धुवा," ते म्हणाले.

बाईंनी बांगड्या वर सारल्या. कोपरापर्यंत धुतले, बोटांच्या बेचक्यांतून, नखांखालून, ऑपरेशनच्या आधी धुतात तसे. त्यांचे कान लाल झाले होते. धुऊन झाल्यावर त्यांनी पंच्याकडे हात नेला.

"अजून वीस सेकंद," घड्याळजी घड्याळाकडे बघत म्हणाले.

त्यांनी अजून वीस सेकंद धुतले. मान वर केली नाही. मग आत गेल्या आणि डबीसमोर बसल्या. घड्याळजींनी त्यांच्यापुढे मातीचा उथळ ट्रे सरकवला, आणि भिंग. घड्याळजी बी उजेडात बघायचे, बाई पेरायच्या.

मीही मदतीला म्हणून तांब्याकडे हात नेला.

"तुमचे हात राहू देत," घड्याळजी मान वर न करता म्हणाले. "तुम्ही तोंड धुऊन या."

मी धुतलं. साबण लावून.